कॅलिको : जतन केलेले गाव की नव्याने रचलेले?

वाटाड्या :
कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात, बारस्टोजवळ, कॅलिको हे चांदीच्या खाणींचे ओस पडलेले गाव आहे. १८८१ साली वसलेल्या या गावाच्या परिसरात पाचशेहून अधिक खाणी झाल्या आणि बारा वर्षांत सुमारे दोन कोटी डॉलरची चांदी निघाली. पुढे चांदीचा भाव पडला, १९०७ मध्ये तिथले टाकणखाराचे (बोरॅक्सचे) खाणकामही थांबले आणि माणसे निघून गेली. १९५१ मध्ये वॉल्टर नॉट या उद्योजकाने गाव विकत घेतले व पाच मूळ इमारती वगळता बाकीचे सारे १८८० च्या दशकासारखे दिसेल असे पुन्हा बांधले. याला जतन म्हणायला माझे मन तयार होत नाही. बाटल्या रचून उभारलेले तिथले घर नॉट यांच्याच काळातले आहे. मी गेलो होतो तेव्हा एक आई ‘खाणकामगार असे राहत’ असे सांगत मुलांना तेच घर दाखवत होती. कॅलिफोर्नियातल्याच, सोन्यासाठी वसलेल्या बोडी या ओस गावात मात्र १९६२ पासून घरे आहेत त्याच अवस्थेत राखली जातात.

रानजाई :
बोडीशी तुलना मला पटत नाही. तिथे शंभरावर इमारती उभ्या होत्या. कॅलिकोत राखण्याजोगे उरले होते काय? १८८३ आणि १८८७ च्या आगींनी गाव होरपळले, आणि वस्ती उठल्यावर कित्येक घरे बारस्टो व डॅगेटला हलवली गेली. नॉट यांनी तरुणपणी याच गावात काम केले होते, आणि त्यांचे नातलग जॉन किंग यांनी तर इथली सिल्व्हर किंग खाण शोधणाऱ्यांना भांडवल पुरवले होते. गाव उभे करून १९६६ मध्ये त्यांनी ते सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकले. हा निव्वळ धंदा नव्हता.

टांकसाळ :
‘भाव पडला’ एवढ्यावर हा विषय सोडू नये. १८९० चा शर्मन कायदा गावाच्या मुळावर आला असे अनेकदा सांगितले जाते, ते उलटे आहे. त्या कायद्याने अमेरिकी सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होते, म्हणजे भावाला टेकूच मिळाला होता. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने, लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत बंद केले आणि चांदीचा भाव कोसळला. १ नोव्हेंबरला अमेरिकेनेही आपली खरेदी रद्द केली. कॅलिको ओस पडण्याचा एक धागा आपल्या फोर्टातल्या टांकसाळीपर्यंत येतो, याची नोंद मराठी वाचकाने तरी ठेवावी.

वाटाड्या :
टांकसाळीचा मुद्दा मान्य, आणि घरे हलवली गेल्याचाही. तरीही लूसी लेन यांचा विचार करा. त्या लहानपणी या गावात आल्या, गाव मोडल्यावर गेल्या, पुन्हा परतल्या आणि उतारवयापर्यंत तिथेच राहिल्या. त्यांचे घर त्या पाच मूळ इमारतींपैकी आहे, पण शेजारच्या नव्या दुकानांच्या रांगेत ते वेगळे ओळखू येत नाही. प्रत्येक दारावर बांधणीचे वर्ष ठळक लिहावे, एवढेच माझे मागणे आहे.

रानजाई :
वर्ष अवश्य लिहावे. मात्र नॉट यांनी बांधलेली घरेही आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या दारावर बांधणाऱ्याचे नावही यावे, ‘नक्कल’ हा शब्द येऊ नये.