शब्दचर्चा : झगा की उपासनावस्त्र?

प्रश्न : नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेबद्दल लिहिताना ‘पांढरा झगा घातलेले धर्मगुरू’ असं लिहितात. मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी फादर घालतात त्याला झगाच म्हणायचं का? आणि त्यावर जरीकाम कशासाठी?

उत्तर : झगा म्हणजे कॅसक, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा. तो फादर चर्चबाहेरही घालतात. मिस्साला चढवतात ती उपासनावस्त्रं, आणि ती एकावर एक असतात. आधी आल्ब : पायघोळ, पांढरा, बहुधा कमरेला दोरीने बांधलेला. तो एकट्या धर्मगुरूंचा नाही. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्राशी त्याचं नातं आहे, म्हणून वेदीवर सेवा करणारे इतरही तो घालू शकतात. त्यावर स्टोल, म्हणजे लांब अरुंद पट्टा. धर्मगुरूंच्या गळ्यातून तो समोर सरळ खाली येतो. डीकनच्या (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाच्या) अंगावर मात्र डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे, जानव्यासारखा तिरका. कोण कोणत्या सेवेसाठी उभा आहे हे त्यावरून कळतं. सगळ्यात वर चॅझ्युबल, म्हणजे बिनबाह्यांचा सैल झुलता कपडा. त्याचा रंग काळाप्रमाणे बदलतो : नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, उपवासकाळात जांभळा, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला) आणि श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या रक्तसाक्ष्यांच्या सणांना लाल, सामान्य काळात हिरवा.

काही जण ‘पोशाख’ लिहितात, तो शब्द मला खटकतो. पोशाखाने माणूस उठून दिसतो. इथे माणूस झाकला जावा आणि त्याची सेवा दिसावी, असा हेतू आहे. फादर देखणे असोत, म्हातारे असोत, कालच बदलून आलेले असोत, वेदीपाशी त्याने फरक पडू नये.

प्रश्न : मग ‘सोवळं’ चालेल?

उत्तर : नको. सोवळ्यात शिवाशिवीचा विचार येतो. चॅझ्युबलला कोणाचा हात लागला म्हणून ते विटाळत नाही. त्यापेक्षा बायबलमध्ये मोशेचा भाऊ आणि पहिला महायाजक अहरोन याच्यासाठी आलेला ‘पवित्र वस्त्रे’ हा शब्द जवळचा. ती वस्त्रं गौरव आणि शोभा यांसाठी करायची होती, म्हणजे शोभेला मनाई नाहीच.

पण शोभा कशात आहे? चॅझ्युबल मुळात रोमन लोकांचा रोजचा, अंगभर पांघरायचा कपडा होता. लॅटिन ‘कासुला’ म्हणजे छोटं घर. लोकांची पद्धत बदलली, धर्मगुरूंनी तो ठेवला. पुढे त्यावर इतकं भरतकाम चढलं की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं, प्रार्थनेला हात उचलेनात, म्हणून बाजू कापत नेल्या आणि शेवटी पुढे-मागे दोन पाट्या उरल्या. अलंकाराने वस्त्रच खाल्लं! कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य शोधा असं सांगितलं, आणि आजचे मिस्साचे नियमही सौंदर्य कापडात आणि बेतात पाहतात, वरून चिकटवलेल्या नक्षीत नव्हे. माझंही मत ठाम तेच आहे. चकचकीत पॉलिस्टरवर छापलेली द्राक्षं आणि कणसं पाहवत नाहीत. येवल्याचे विणकर याच जिल्ह्यात आहेत. चांगलं पडणारं रेशीम आणि एक अरुंद काठ, एवढं पुरे आहे.

प्रश्न : शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चसाठीही हेच शब्द?

उत्तर : सरसकट नाही, ते चर्च कॅथलिक नाही. अँग्लिकन परंपरेत कॅसकवर सरप्लिस (सैल बाह्यांचा पांढरा अंगरखा) आणि स्टोल दिसतो, आणि अनेक प्रॉटेस्टंट पाळक साध्या कपड्यांतच उपासना चालवतात. बातमीत ‘उपासनावस्त्रं’ लिहा, कॅसक असेल तिथेच ‘झगा’. चॅझ्युबलचा रंग मात्र नक्की लिहा. त्यावरून कोणता काळ चालू आहे ते ख्रिस्ती वाचकाला लगेच समजतं.