मदत हवी आहे: दुपार झाली की एओएमची (अकुस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर, ध्वनिलहरीने लेसर वळवणारी झडप) वेळ चुकते

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरला पीएचडी करतोय. ५३२ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड (छोट्या, जोरदार पल्स सोडणारा) लेसर आहे, २० किलोहर्ट्झ, पल्स साधारण १० नॅनोसेकंदांची. दर वीस पल्समधली एकच नमुन्यावर सोडायचीय, म्हणून मध्ये टेल्युरियम डायऑक्साइडचा एओएम बसवलाय.

आधी लेसरच्या सिंक आउटवरच (प्रत्येक पल्सबरोबर येणारा सिग्नल) एओएम उघडायला गेलो, हाती शून्य. ते नंतर कळलं: स्फटिकात ध्वनिलहर सेकंदाला ४२०० मीटर धावते. ती लहर सोडणाऱ्या ट्रान्सड्यूसरपासून ३ मिमीवर बीम आहे, तिथवर पोचायला ०.७ मायक्रोसेकंद. तोवर पल्स केव्हाच निघून गेलेली. म्हणून आता एका सिंकवरून पुढची पल्स पकडतो: डिले ४९.१ मायक्रोसेकंद, गेट (एओएम उघडा ठेवायचा वेळ) ३०० नॅनोसेकंद.

सकाळी दहाला झकास चालतं. दुपारी दोननंतर पहिल्या ऑर्डरची (वळून नमुन्याकडे जाणाऱ्या बीमची) उंची स्कोपवर निम्म्यावर येते. मे महिना, त्यात लाइट गेली की एसी बंद, फक्त लेसर आणि त्याच्यासोबतची उपकरणं यूपीएसवर. आरएफ ड्रायव्हर (एओएमला रेडिओ-फ्रिक्वेन्सी सिग्नल देणारा) तापतोय असं वाटून त्याला टेबलफॅन लावला (गाइड हसले). ८० मेगाहर्ट्झची पॉवर मोजली तर तेवढीच आहे. केबल बदलल्या. आता काय बघू?

प्रतिसाद:
ड्रायव्हरला सोडा हो. बीम १ मिमीची आहे का? मग ३०० नॅनोसेकंदांत ध्वनीचा तुकडा जेमतेम १.२६ मिमी. लेसरचा आतला ऑसिलेटर (पल्सची लय ठरवणारं घड्याळ) गरमीने ०.२ टक्के जरी सरकला, तरी ५० मायक्रोसेकंदांत १०० नॅनोसेकंद गेले, आणि पल्स येते तेव्हा निम्मी बीम उघडी. स्कोप गेटवर ट्रिगर करा, एओएमच्या आधी एक फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) ठेवा, पल्स सरकताना दिसेल. आणि दोन पल्समध्ये ५० मायक्रोसेकंदांची मोकळी जागा असताना गेटची एवढी कंजुषी कशाला? डिले ४७, गेट ५ मायक्रोसेकंद करून टाका. खरा इलाज मात्र एक्स्टर्नल ट्रिगर: लेसर आणि एओएम दोन्ही एकाच डिले जनरेटरवरून.

धागाकर्ता:
बीम १ मिमीचीच. सकाळी दोन पल्समधलं अंतर ५०.०० मायक्रोसेकंद होतं, तीन वाजता ५०.११! गेट रुंद केलं, काल लाइट दोनदा गेली तरी उंची हलली नाही. एक्स्टर्नल ट्रिगरची केबल सोमवारी जोडतो. टेबलफॅन गाइडच्या केबिनमध्ये गेलाय.