सोन्याच्या खाणीत खरंच एवढं पाणी घुसतं का?

घोडबंदरकर: काल रात्री बाबांबरोबर १९७४चा ‘गोल्ड’ पाहिला. रॉजर मूर, दक्षिण आफ्रिकेतली खाण, आणि सोन्याचा भाव चढावा म्हणून खाणच बुडवायचा कट. पाणी फुटतं तेव्हा बाबा चहाचा कप तसाच हातात धरून बसले होते. प्रश्न एवढाच, इतक्या खोल एवढं पाणी येतं कुठून?

नेरूळचा_काका: येतं हो. तिथे सोन्याच्या थराच्या वर डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखा खडक आहे, त्याच्या पोकळ्यांत पाणी साठलेलं असतं. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्याच वेस्ट ड्रीफॉन्टेन खाणीत ते खरंच घुसलं होतं. बोगद्यांत काँक्रीटचे बांध घालून खाण वाचवली.

आपल्या कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत मात्र वेगळीच भीती. माझे सासरे तिथे होते. तीन किलोमीटरहून खोल खाण, खडक हाताला चटका देईल इतका तापलेला, आणि वरच्या दाबाने तो अचानक फुटायचा. वर वस्तीतली घरंही हादरायची. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे नेरूळला आले. खालून डंपर गेला, खिडकीची काच थरथरली की शेवटपर्यंत भिंतीला तळवा टेकवून उभे राहायचे. खाण २००१ला बंद झाली, मग पंपही थांबले आणि ती पाण्याने भरत गेली. त्याचं त्यांना फार लागलं होतं.

घोडबंदरकर: काका, बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. विचारतायत, सासरे खाली कसे उतरायचे?

नेरूळचा_काका: पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून, टप्प्याटप्प्याने. एका दमात तळ गाठता यायचा नाही. बाबांना घेऊन या एकदा, सासऱ्यांचा खाणीतला दिवा अजून जपून ठेवलाय.