आई जाणार हे पोराला राक्षसाने का सांगावं?

हरिपूर रोड

आमच्या सांगलीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये मे महिन्यात दर शनिवारी पोरांसाठी चित्रपट लावतो. गेल्या शनिवारी 'अ मॉन्स्टर कॉल्स' लावला आणि रविवारी सकाळपासून व्हॉट्सॲपवर माझी हजेरी सुरू आहे. दोन पोरं घाबरून उठून गेली. आणखी एक पोरगा आहे, दिवाळीच्या आधी त्याची आई गेली. त्याची मावशी त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. मी शेजारीच बसलो होतो, त्याला जायचं नव्हतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१६चा चित्रपट, दिग्दर्शक बायोना हा स्पॅनिश माणूस, गोष्ट इंग्लंडातली. कॉनर बारा-तेरा वर्षांचा. आईला कर्करोग, बापाने दुसरं लग्न करून अमेरिका गाठलेली, शाळेत मार खातो. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी स्मशानाजवळचं यूचं प्रचंड झाड उठून खिडकीशी येतं आणि सांगतं, मी तीन गोष्टी सांगेन, चौथी तू सांगायचीस आणि ती खरी हवी. चौथी गोष्ट म्हणजे कॉनरच्या मनात दडलेलं एक वाक्य: हे सगळं एकदाचं संपावं असं मलाच वाटत होतं. आई वाचावी असंही वाटत होतं, आणि संपावंही.

माझं म्हणणं, हा चित्रपट आपल्या पोरांनी पाहिलाच पाहिजे. आपल्याकडे आई मिरजेत ॲडमिट असते आणि पोराला सांगतात कावीळ झालीय. मग एके दिवशी त्याला शेजारच्यांकडे झोपायला पाठवतात आणि सकाळी थेट घाटावर नेऊन हातात मडकं देतात. त्यात "आता तू मोठा झालास" हे वर. त्या पोराच्या मनात काय चाललंय हे कोण विचारतं?

गावभागातला बाप

काका, तुमचा हेतू चांगला असेल, पण अमेरिकेत या चित्रपटाला पीजी-१३ दिलंय, म्हणजे तेराखालच्या पोरांच्या पालकांना सावधगिरीची सूचना; इंग्लंडात १२ए, म्हणजे बाराखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा. तुमच्या हॉलमध्ये आठ-आठ वर्षांची पोरं सतरंजीवर बसली होती. त्यातली एक माझी. दोन दिवस ती खिडकी उघडू देत नाही.

हा झाला वयाचा मुद्दा. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कॉनर आजीची अख्खी बैठकीची खोली फोडतो, शाळेत एका पोराला दवाखान्यात जाईपर्यंत मारतो. शिक्षा काय? काहीच नाही. बापही म्हणतो शिक्षा करून काय उपयोग, मुख्याध्यापिकाही तेच. म्हणजे दुःख झालं की काहीही करायला मोकळीक. आमचे वडील गेले तेव्हा मी नववीत होतो, बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर उघडलं. राक्षस-बिक्षस आला नाही, आला असता तरी त्याला गिऱ्हाईक संपेपर्यंत थांबावं लागलं असतं.

तिसरी रांग

हा हा, शेवटचं वाक्य जमलंय. पण शिक्षेचं तुम्ही उलटं वाचलंत. कॉनरला शिक्षा *हवी* आहे. तो वाट बघतोय. आई मरावी असं आपल्या मनात आलं म्हणजे आपण गुन्हेगार, अशी त्याची ठाम समजूत आहे आणि गुन्हेगाराला कुणीतरी दोन ठेवून द्यावेत ही त्याची अपेक्षा. शाळेतला दांडगा पोरगा हॅरी तेवढं काम चोख करत असतो. तो मारणं बंद करून "आता तू मला दिसतच नाहीस" म्हणतो तेव्हाच कॉनरचं डोकं फिरतं. "बिचारा, आई आजारी आहे" म्हणून सगळे सोडून देतात, ती त्याच्यासाठी सगळ्यांत मोठी शिक्षा.

चित्रपटावर माझाही राग आहे, पण कारण वेगळं. भावे नाट्यमंदिरात निम्मं आयुष्य काढलेला प्रेक्षक म्हणून बोलतो. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, आणि पुढे त्या धर्तीच्या नाटकांत राक्षस 'अलल् डुर्र' करत रंगमंचावर यायचा. पोरं आईच्या कुशीत शिरायची. पण तो राक्षस स्वतःचा अर्थ समजावून सांगायला थांबत नसे. इथला राक्षस प्रत्येक गोष्टीनंतर शिकवणी घेतो. राजपुत्र चांगला नव्हता, राणी तेवढी वाईट नव्हती, माणूस गुंतागुंतीचा असतो. अरे झालं, कळलं! ती जलरंगातली चित्रं एवढी देखणी हलतायत, त्यांना बोलू दे की.

डे-केअर, मिरज

मी केमोच्या वॉर्डात काम करते, म्हणून एका गोष्टीबद्दल लिहिते. कॉनरच्या आईला शेवटचं जे औषध देतात ते यूच्या झाडापासून केलेलं असतं, आणि पोरगा धावत झाडाकडे जातो: तू आईला बरं करायला आलास ना? हे कल्पनेतलं नाही. पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध आम्ही नेहमी वापरतो. पॅसिफिक यूच्या सालीचे नमुने अमेरिकेत १९६२मध्ये गोळा केले, त्यातून ते मिळालं. १९९२मध्ये अंडाशयाच्या आणि १९९४मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पुष्कळ बायका या औषधावर घरी गेल्या, संसाराला लागल्या. म्हणून तर त्या प्रसंगी पोटात कालवतं. झाड खोटं नाही, औषध खोटं नाही, फक्त या बाईसाठी उशीर झालाय. कॉनरच्या आशेला वेडेपणा म्हणता येत नाही.

हरिपूर रोडवाल्या काकांशी मी निम्मी सहमत आहे. पोरांना कळतं. "कावीळ" म्हणून सांगितलेला मुलगा आईच्या डोक्यावरचा स्कार्फ बघत असतो, आणि आपण विचारलं तर मोठ्या माणसांना त्रास होईल म्हणून गप्प बसतो. पण चित्रपट लावून तुम्ही घरी गेलात, त्या पोराशेजारी नंतर कोण बसलं? मला वाटतं हा चित्रपट पोरांनी नाही, त्यांच्या मावश्या-काकांनी बघावा.

हरिपूर रोड

ताई, मी बसणारच होतो. मावशी घेऊन गेली म्हटलं ना.

पलूसचा मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. २०१९च्या ऑगस्टात महापुरात सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्याकडं काय झालं ते पुन्हा सांगायला नको. पूर ओसरल्यावर शाळा भरली, पोरं गुमान बसायची. मी म्हटलं, चित्रं काढा. एका पोरानं कौलावर उभी म्हैस काढली, आणि त्या म्हशीला पंख. घरची म्हैस दावणीलाच गेली होती, दावं सोडायचं राहिलं होतं. ते कुणी सोडायचं होतं हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पण रोज नवीन चित्र. म्हैस कराडवर, म्हैस कोयनेच्या भिंतीवर, म्हैस मंत्र्याच्या हेलिकॉप्टरशेजारी.

म्हणून मी दोन्ही बाजूंशी भांडणार. गावभागवाल्यांनो, पोराला राक्षस लागतोच, तुमच्या दुकानात तो शटरमागं उभा असणार, तुम्ही बघितला नाही एवढंच. आणि हरिपूर रोडवाले, तो राक्षस पोरानं *स्वतः* बनवायचा असतो. तुम्ही त्याला बायोनासाहेबांचा तयार राक्षस दिलात, चाळीस फुटी, डॉल्बी आवाजासकट. त्यापुढं माझ्या पोराची म्हैस कुठं उभी राहणार? दुःखातल्या पोराला दुसऱ्याचं स्वप्न दाखवण्यापेक्षा कोरा कागद द्या.

गावभागातला बाप

मास्तर, कागदाचं पटलं. पण "लागतोच" हे कुठून आणलंत? आपल्याकडं पद्धती आहेत. दहावा आहे, बारावा आहे, भावकी येऊन बसते, महिनाभर घर मोकळं नसतं. त्या इंग्लंडातल्या पोराला कुणी नाही, बाप विमानानं येतो आणि विमानानं जातो, म्हणून तो झाडाशी बोलतो. आपल्या पोराला झाडाशी बोलायची वेळ का यावी?

विश्रामबागची आजी

बाळा, दहाव्याला काय करतो आपण? हरिपूरच्या संगमावर पिंड ठेवतो आणि कावळ्याची वाट बघत उन्हात बसतो. कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढे होतो. "पोरांना सांभाळीन, काळजी करू नको." "जमिनीची वाटणी नीट करीन." "तुझ्याशी भांडलो, ते मनात ठेवू नको." जे घरात कधी बोललो नसतो ते त्या पाखरापुढे मोठ्यानं बोलतो, सगळ्या भावकीदेखत. आणि मग शिवतो तो. साठ-सत्तर वर्षांची माणसं कावळ्याशी बोलतात, ते चालतं. पोरगं झाडाशी बोललं तर तुम्हाला इंग्रजी वाटतं. आणि त्या वेळी पोराला कुणी पुढे करतं का? त्याला म्हणतात, तू तिकडे सावलीला बस.

आता माझं दुसरं. इतकी चर्चा झाली, आजीबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. तिचीही लेक मरतेय. खोली फोडलेली बघून ती पोरावर हात उगारत नाही. जे एक कपाट उभं उरलंय ते स्वतः ओढून पाडते. मी ते बघितलं आणि टीव्ही बंद करून देवापाशी जाऊन बसले. पुढे गाडीत, रेल्वे फाटकापाशी, ती नातवाला सरळ सांगते की आपलं दोघांचं जमत नाही, पण तुझी आई आपल्या दोघांची आहे. एवढं सरळ बोलायला मला माझ्या नातवाशी जमलेलं नाही.

तिसरी रांग

आजी, नमस्कार. कावळ्याचा मुद्दा बिनतोड आहे, मी आता राक्षसाच्या शिकवणीबद्दल थोडं कमी बोलेन. पण शेवटाबद्दल बोलणारच. आई गेल्यावर कॉनरला तिची जुनी चित्रवही सापडते आणि त्यात तोच राक्षस काढलेला असतो. ज्यावरून चित्रपट केला त्या पॅट्रिक नेसच्या २०११च्या पुस्तकात हे नाही, चित्रपटासाठी घातलंय, आणि पटकथाही नेसचीच. माझ्या मते इथे घोटाळा झाला. मास्तर म्हणतात तसा राक्षस पोराचा स्वतःचा होता. वही सापडल्यावर तो आईचा निघतो, म्हणजे वारसाहक्काने आला. पोराची कमाई गेली.

डे-केअर, मिरज

नाही हो, मला उलट वाटतं. भिंतीवर आजोबांचा फोटो आहे तो लियाम नीसन या नटाचा, आणि राक्षसाचा आवाजही त्याचाच. आजोबांनी लेकीला गोष्टी सांगितल्या, लेकीनं चित्रं काढली, नातवानं ऐकल्या. आणि ही कल्पना मुळात शिवॉन डाउडची, ती लेखिका स्वतः स्तनाच्या कर्करोगानं २००७मध्ये गेली. तिनं अर्धवट ठेवलेलं नेसनं पुरं केलं. हाताहातातून आलेली गोष्ट आहे ती. मास्तरांची म्हैससुद्धा त्या पोराच्या आजीनं सांगितलेल्या कुठल्यातरी कहाणीतूनच उडाली असेल. नुसत्या कोऱ्या कागदातून काही येत नाही, आधी कानावर पडलेलं असावं लागतं.

पलूसचा मास्तर

ते असंल. विचारतो त्याला. आता आयटीआयला आहे गडी.

गावभागातला बाप

आजींपुढं मी काय बोलणार. दहाव्याला माझ्या आजोबांनी कावळ्यापुढं वडिलांना सांगितलं होतं की पोराला शिकवू, दुकानात बसवणार नाही. मी सावलीतच होतो, पण ऐकू आलं होतं.

तरीही माझी पोरगी आठ वर्षांची आहे आणि ज्यांच्या घरी काही झालेलं नाही त्या पोरांवर हे का लादायचं, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. हरिपूर रोडवाले काका, पुढच्या शनिवारचा चित्रपट मी ठरवणार. आणि हा परत लावायचा असेल तर रात्री नऊनंतर, बारा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, त्या मावशीला आधी फोन करून.

हरिपूर रोड

वयाचं मान्य नाही, फोनचं मान्य. पोरगा दहाचा आहे आणि काल जिन्यात मला त्यानं विचारलं की चौथी गोष्ट काय होती. मावशीला मी उद्या भेटतोय.