मधुमेह असताना शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या कशा टाळाव्यात? मदत हवी आहे

माझ्या आईची पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली असून, स्त्री असणे, धूम्रपान न करणे, प्रवासात गाडी लागणे आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागणे हे मळमळीचा धोका वाढवणारे चारही घटक तिला लागू पडतात. मागच्या भुलीनंतर तर पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. उलट्या टाळण्यासाठी भूल देताना डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) आणि शस्त्रक्रिया संपत आली की ओंडान्सेट्रॉन (उलटीरोधक औषध) अशी जोडी बरेचदा देतात; परंतु डेक्सामेथासोनने रक्तातील साखर वाढते आणि आईला मधुमेह आहे. अशा वेळी मात्रा कमी करतात, औषधच बदलतात, की भुलीच्या वायूऐवजी प्रोपोफॉल या औषधाची शिरेतून भूल देणे श्रेयस्कर ठरते? निर्णय अर्थातच भूलतज्ज्ञांचा राहील (घरगुती उपाय कृपया सुचवू नयेत), मात्र त्यांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगावे.