साडेसातची उपासना आणि स्वयंपाकघरातून 'आमेन' म्हणणाऱ्या बायका

कॅम्पातली_सून:
सलाम सगळ्यांना. परवा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर एका वडीलधाऱ्या भावांची पोस्ट आली, बऱ्याच जणांनी वाचली असेल. म्हणणं असं, की रोज संध्याकाळी साडेसातला टीव्ही बंद, सगळ्यांचे मोबाइल टोपलीत, अर्धा तास कौटुंबिक उपासना, आणि ज्या घरात हे होत नाही ते घर नावापुरतंच ख्रिस्ती. शिवाय गणपतीत शेजारचा प्रसाद दारातूनच परत पाठवायचा, म्हणजे साक्ष राहते. खाली आमेनची रांग लागली. मला रात्री झोप आली नाही म्हणून हे लिहितेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

माझ्या लग्नाला 19 वर्षं झाली. सासरी साडेसातची उपासना एक दिवस चुकली नाही हे मान्य. सासरे शास्त्र म्हणजे बायबल वाचायचे, दीर गाणं धरायचे, आणि मी आत भाकऱ्या थापत असायची, कारण आठला ताटं लागलीच पाहिजेत. थापण्याचा आवाज मोठा झाला की बाहेरून 'श्श' यायचं. माझं आमेन कायम तव्यापाशी उभं राहून. इफिसकरांस पत्राचा 5 वा अध्याय आमच्याकडं किती वेळा वाचला गेला सांगता येत नाही, पण सुरुवात नेहमी 22 व्या वचनापासून, बायकांनो नवऱ्याच्या अधीन असा. त्याच्याच वरच्या 21 मध्ये एकमेकांच्या अधीन राहा म्हटलंय ते कुणी वाचलं नाही, आणि 25 ला नवऱ्यांना सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तशी बायकोवर प्रीती करा, त्यावर घरात एक शब्द ऐकला नाही.

मग 2016 ला सासऱ्यांना लकवा मारला, अडीच वर्षं अंथरुणात. माझा नवरा गाण्यात शून्य, प्रार्थना केली तर दोन वाक्यांची, त्यामुळं घरात सगळे त्याला 'थंड' म्हणायचे. पण वडलांचं हगणंमुतणं त्यानं रोज पहाटे स्वतः काढलं, मला हात लावू दिला नाही, आणि मग डबा घेऊन कामावर जायचा. योहानाच्या 13 व्या अध्यायात प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते मला त्या खोलीत कळलं, साडेसातला नाही.

निपाणीचा_भाऊ:
ती पोस्ट माझी. नाव घेतलं नाहीत तरी सगळ्यांना कळलंय, तर समोरासमोरच बोलू ताई. तुमच्या सासरी झालं ते चूकच, पण त्यात उपासनेचा काय दोष? माझे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आठवड्याचा पगार शनिवारी गुत्त्यात जायचा, घरी येऊन मारझोड. आई साडेसातला कंदील मधे ठेवून आम्हा चौघांना बसवायची, वडील पिऊन आले, शिव्या दिल्या, तरी ती उठायची नाही. त्या अर्ध्या तासानं आम्ही वाचलो. आज आम्ही चौघंही कामाला लागलोय आणि कुणी दारूला शिवत नाही. 'मनात असलं की झालं' म्हणणाऱ्यांची घरं पण बघितलीत मी, सहा महिन्यात शास्त्रावर धूळ बसते. वेळ बांधल्याशिवाय प्रार्थना होत नाही, छातीठोक सांगतो.

नंदगडची_लेक:
आम्ही कॅथलिक, आमच्याकडं रोज रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, तिलाच घरात तेर्स म्हणायचो. ऑक्टोबर तर रोझरीचाच महिना, तेव्हा तापानं फणफणलात तरी सुटका नाही. पण आमच्या आजीचा नियम होता, तेर्स संपल्याशिवाय चूल पेटवायची नाही. जेवायला उशीर झाला तर सगळ्यांनाच झाला. ताईंच्या घरात उपासना नाही, आठची ताटं चुकीची होती. ताटं मागं ढकला की ओ, कोण उपाशी मरत नाही.

वडगावची_मावशी:
मला प्रसादाचं बोलायचंय. माझ्या बाळंतपणात शेजारच्या वहिनींनी 40 दिवस डिंकाचे लाडू आणि गरम पाणी पुरवलं, त्यांच्या घरचा मोदक मी दारातून परत पाठवू? पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात लिहिलंय, 10 वा अध्याय 27 वं वचन, विश्वास न ठेवणाऱ्यानं जेवायला बोलावलं तर पुढं वाढलेलं चौकशी न करता खा.

निपाणीचा_भाऊ:
आणि लगेच 28 मध्ये लिहिलंय की हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. मावशी, अर्धं वचन वाचायची सवय बायकांनाच लागलेली दिसतेय.

वडगावची_मावशी:
बायकांना नका बोलू. 28 मी पण वाचलंय आणि 29 पण, ते दुसऱ्याच्या विवेकासाठी सांगितलंय. माझी शेजारीण मला बाटवायला नाही, पोरांना गोड म्हणून देते. आणि नाताळात माझ्या करंज्या ती देवापुढं न ठेवता आधी नातवाच्या तोंडात घालते. मी घेणार. तुम्ही नका घेऊ.

शहापूर_77:
वेळ, टोपली, मोदक, कशावर भांडालाय? माझ्या घरात शास्त्र वाचणार कोण हाच प्रश्न पडलाय. दोन्ही पोरं इंग्लिश मीडियमला, त्यात कन्नड शिकतात, मराठी बोलतात पण वाचायला दिलं की अडखळून रडकुंडीला येतात. माझे आजोबा 1956 च्या आधी, बेळगाव मुंबई राज्यात असताना मराठी शाळेत शिकले, स्तोत्रं तोंडपाठ. नारायण वामन टिळकांची गाणी ते डोळे मिटून म्हणायचे, आमची पोरं विचारतात पप्पा हे कुठल्या भाषेत आहे. लंडन मिशनवाले 1820 ला बेळगावात आले ते इथल्या लोकांची भाषा शिकले, आणि आम्ही स्वतःच्या घरात यूट्यूबवर इंग्लिश कोरस लावून त्याला उपासना म्हणायलोय.

हुक्केरीचा_जावई:
भावा, दुखणं कळतंय, पण मराठीच पाहिजे हा हट्ट कशाला? माझी बायको कन्नड मंडळीतली. आमच्याकडं 23 वं स्तोत्र आधी ती म्हणते, 'येहोवनु ननगे कुरुबनु', म्हणजे परमेश्वर माझा मेंढपाळ, मग मी मराठीत मेंढपाळ म्हणतो. कुरुब म्हणजे आपल्याकडचे धनगर. पोरगी पाच वर्षांची होती, शेतात मेंढरं बसवायला आलेला धनगर बघून विचारली, देवाकडं पण असली घोंगडी आहे काय? मराठीतला मेंढपाळ तिला पुस्तकातला वाटत होता, कुरुब म्हटल्यावर दिसला.

शहापूर_77:
छान आहे. पण बोर्ड कन्नड, बस कन्नड, तहसीलमध्ये कागद कन्नड, आईच्या जमिनीच्या उताऱ्यासाठी मला दुसऱ्याला पैसे देऊन वाचून घ्यावं लागलं. घरातली प्रार्थना तेवढी उरली होती, तीपण सोडा म्हणताय? 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळ्या फिती बांधून आम्ही उन्हात चालतो ते कशासाठी?

हुक्केरीचा_जावई:
कुणी सोडा म्हणालं? माझ्या सासूच्या प्रार्थनेला सरकारी बोर्डाच्या रांगेत बसवू नका, राग येतोय मला. ती बाई माझ्या आईच्या आजारपणात हॉस्पिटलात जमिनीवर झोपली, रात्रभर कन्नडमध्ये प्रार्थना करायची, आईला एक शब्द कळत नव्हता आणि आई तिचा हात सोडत नव्हती. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या रानात. त्याच रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं, शिकली नसलेल्या बाईला पण कळावं म्हणून. भाषा बाईला कळावी म्हणून असते, मोर्चाला न्यायला नसते.

शहापूर_77:
मोर्चाला नावं ठेवू नका. त्यात माझ्या वडलांनी लाठ्या खाल्ल्यात.

नंदगडची_लेक:
दोघं पण थांबा. 1 नोव्हेंबरला आमच्याकडं सर्व संतांचा सण, दुसऱ्या दिवशी मृतांचा, आम्ही कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन जातो. एका रांगेत मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्लिश दगड आहेत. माझ्या बाबांच्या दगडावर मराठी आहे आणि माझ्या लेकाला ते वाचता येत नाही, म्हणून शहापूरच्या भावांचं दुखणं मला खोटं वाटत नाही. मी रोज एक वचन त्याच्याकडून मराठीत वाचून घ्यायला लागलेय, फक्त एक. चार महिन्यात अडखळणं कमी झालंय.

शहापूर_77:
एक वचन. बरं. करून बघतो. जावईबापू, सासूबाईंचं माहीत नव्हतं, ते शब्द मागं घेतो. मोर्चाचं नाही घेत.

कॅम्पातली_सून:
तुमचं भाषेचं चालू द्या, मला निपाणीच्या भावांना एक विचारायचं राहिलंय. आई साडेसातला कंदील लावून बसायच्या, तर त्या दिवशीच्या भाकऱ्या कधी व्हायच्या?

निपाणीचा_भाऊ:
आधीच. ती कामावरून पाचला यायची आणि दम न खाता चुलीपुढं बसायची. आम्ही तोवर अंगणात खेळायचो. तुम्ही विचारल्यावर मी आता हिशेब केला, याआधी केला नव्हता. आमच्या घरी आज साडेसातला बायको कुठं असते ते पण तुम्ही विचारणार, तर ती आतच असते. टोपली आणि साडेसात मी सोडणार नाही. भाकऱ्यांचं घरी बोलतो.

कॅम्पातली_सून:
बोलू नका, थापा.

निपाणीचा_भाऊ:
जमत नाहीत मला. भात लावीन.