मदत हवी आहे : चौदा महिन्यांचा बॉक्सर कायमचा घरी ठेवावा का? (परभणी)

नमस्कार.

माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्यांची मुंबईला बदली झाली असून तेथील घरात कुत्रा ठेवणे त्यांना शक्य नाही. त्यांचा चौदा महिन्यांचा नर बॉक्सर, ब्रुनो, ‘राहून तर पाहू द्या’ या बोलीवर गेले अठरा दिवस आमच्याकडे परभणीला आहे आणि येत्या रविवारपर्यंत मला होकार किंवा नकार कळवायचा आहे. घरात शहात्तर वर्षांची आई (काठी घेऊन चालते), पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी अशी माणसे आहेत. ज्यांनी ही जात प्रत्यक्ष घरात वाढवली आहे, त्यांचे मत मला हवे आहे; विक्रेत्यांचे कौतुक पुरेसे ऐकून झाले.

स्वभावाने तो लाघवी आहे, याविषयी घरात दुमत नाही. पहिल्याच संध्याकाळी आई ओसरीवर सुपात तूर निवडत बसली असता त्याने जवळ जाऊन सुपाच्या काठावर हनुवटी टेकवली आणि लाळेची भली लांब तार थेट डाळीत सोडली. आईने त्याला आणि मला, दोघांनाही बोल लावले. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिच्या ताटात भाकरीचा चतकोर उरू लागला आहे, आणि तो कोणासाठी उरतो हे विचारण्याची सोय नाही.

अडचण त्याच्या अंगातल्या जोराची आहे. आनंद झाला की तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि पुढचे दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर मारतो. वजन एकोणतीस किलो. गेल्या बुधवारी अशाच एका धडकेने मुलगी फरशीवर आपटली आणि तिचा ओठ फुटला. तो चावला नाही, गुरगुरला नाही. उलट ती रडू लागताच पोट जमिनीला लावून सरपटत तिच्याजवळ आला आणि तिने डोळे पुसेपर्यंत हलला नाही. तरीही हीच धडक आईला बसली तर काय होईल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

दुसरा प्रश्न बुद्धीचा. ‘बस’ हा एक शब्द मी त्याला अठरा दिवस शिकवतो आहे; दहादा सांगावे तेव्हा दोनदा बसतो, बाकी वेळा डोके वाकडे करून माझ्याकडे पाहत राहतो. थोरल्या बंधूंनी त्याला मठ्ठ ठरवून टाकले आहे. पण याच मठ्ठाने स्वयंपाकघराच्या दाराची कडी नाकाने वर ढकलण्याची युक्ती दोन दिवसांत शोधली, दूधवाल्याची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो ओळखतो, आणि ‘आंघोळ’ हा शब्द कोणी कितीही हळू उच्चारला तरी बाजेखाली जाऊन बसतो. याला मंदपणा म्हणावे की हट्ट?

तिसरा मुद्दा बंधूंचाच आहे. आमच्या आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) वर्षभरात दोनदा विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. त्यामुळे त्यांचे म्हणणे असे की, ज्या जातीचे पूर्वज जर्मनीत रानडुकरे धरून ठेवत, तिला ओसरीवर लाडावून ठेवण्यापेक्षा आखाड्यावर साखळीने बांधावे. वडील हयात असेपर्यंत आखाड्यावर लातूर जिल्ह्यातील जानवळहून आणलेला कारवान जातीचा देशी शिकारी कुत्रा असे, त्या जागी हा चालेल काय? आणि मे महिन्यात परभणीचा पारा ४४ अंशांवर जातो, तो या चपट्या नाकाच्या प्राण्याला सोसेल काय?

सविस्तर उत्तर दिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद, लातूर

आमच्या घरी नऊ वर्षे बॉक्सर मादी होती, म्हणून अधिकाराने लिहितो. या जातीचे बालपण फार लांबते. आमची तीन वर्षांची होईपर्यंत अंगाने थोराड आणि अकलेने शाळकरी पोर होती. तेव्हा चौदाव्या महिन्यात आपण पाहत आहात तो त्याचा कायमचा स्वभाव नव्हे, पण ‘वाढेल तसा आपोआप सुधारेल’ या भरवशावरही राहू नये.

बुद्धीविषयी सांगतो. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून जातींची जी क्रमवारी लावली, तिच्यात बॉक्सर अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर, म्हणजे मधल्या गटात आहे. त्या गटातील कुत्र्याला नवी आज्ञा समजण्यासाठी साधारण पंचवीस ते चाळीस वेळा सराव लागतो आणि पहिल्या हाकेला तो निम्म्या वेळा ऐकतो, असा तो हिशेब होता. मात्र ते माप आज्ञा पाळण्याचे आहे. कडी उघडण्याची अक्कल त्या मापात येत नाही, आणि ती बॉक्सरजवळ भरपूर असते. त्याला आपले म्हणणे कळलेले असते. ते ऐकण्यात आपला फायदा काय, एवढेच तो तपासत असतो. माझ्या मते हा हट्टही नव्हे, हा व्यवहार आहे.

एक विचारतो, रागावू नये. आपला मुलगा त्याच्याशी कुस्ती खेळतो काय? आमच्याकडे नेमके तेच झाले होते. मुलाने छातीवर पंजे घेऊन हसावे आणि आजीच्या अंगावर तसेच पंजे टाकले की मार बसावा, यातून कुत्र्याने काय समजावे? कुस्ती आजपासून बंद करा. अंगावर उडी आली की ओरडू नका, ढकलू नका, कारण दोन्ही त्याला खेळच वाटतात. पाठ फिरवून स्तब्ध उभे राहा आणि चारही पाय जमिनीवर टेकताच त्या क्षणी खाऊ द्या. घरातल्या प्रत्येकाने हेच करायचे, पाहुण्यांनीही. शिकवणी दिवसातून तीनदा, पाच पाच मिनिटांची असावी. लांबली की तो कंटाळतो आणि मग विदूषकी सुरू होते. तोवर आई एकटी असताना त्याला मोकळा सोडू नका, आणि मुलीजवळही मोठे माणूस असल्याशिवाय ठेवू नका. जीव कितीही गरीब असला तरी एकोणतीस किलो ते एकोणतीस किलोच.

आखाड्याचे नाव काढू नका. हा कुत्रा माणसांत राहून घर राखतो. एकटा बांधला तर राखण बाजूला राहील आणि तो झुरणीला तरी लागेल किंवा चिडका तरी होईल.

प्रतिसाद, पशुवैद्यक, नांदेड

वरील मताशी सहमत आहे. आखाड्याच्या विरोधात वैद्यकीय कारणही आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो आणि अरुंद नाकपुड्यांच्या, चपट्या तोंडाच्या जातींना ते नीट साधत नाही. आपल्याकडील उन्हात पत्र्याच्या सावलीला बांधलेला बॉक्सर एका दुपारीही दगावू शकतो. फेब्रुवारीपासूनच फिरणे पहाटे आणि रात्री ठेवावे. धाप मोठ्याने ऐकू येऊ लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल झोकांडली, तर लगेच अंगावर साधे गार पाणी ओतून पंख्याखाली घ्यावे आणि त्याच अवस्थेत दवाखाना गाठावा. आधी घरगुती उपाय करून पाहू, असे म्हणत बसू नये.

ताब्यात घेण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने आपल्याला लांब जावे लागणार नाही. या जातीत हृदयाच्या स्नायूंचा एक आनुवंशिक विकार आढळतो. त्यात ठोक्यांची लय बिघडते आणि खेळता खेळता कुत्रा घेरी येऊन पडतो. तसे कधी घडले होते काय, हे सहकाऱ्यांना स्पष्ट विचारा. कातडीखाली गाठ लागली तर ‘चरबीची असेल’ म्हणून सोडून देऊ नका. बॉक्सरमध्ये गाठींचे प्रमाण अधिक असते. पुढे कधी भूल द्यावी लागली तर अ‍ॅसेप्रोमाझिन हे शामक या जातीत फार जपून वापरतात, याची डॉक्टरांना आठवण द्यावी. गोचिडांचा बंदोबस्त बारमाही ठेवा.

प्रतिसाद, बीड

मी स्पष्टच लिहितो. कुत्रा चांगला आहे, पण या वयात आईंचे खुब्याचे हाड मोडले तर तुमचे सगळे घर वर्षभर त्यातच अडकेल. पंधरा दिवसांत उडी थांबली नाही, तर मन घट्ट करून नाही म्हणा. आखाड्यासाठी कारवानच आणा. तो या मातीतला आणि या उन्हातला आहे.

धागाकर्ता, सोळा दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्यांकडून दोन आठवडे वाढवून घेतले होते. कुस्तीबद्दलचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. चिरंजीव रोज संध्याकाळी गच्चीवर फड भरवत होते. तो बंद केल्यावर पहिले चार दिवस ब्रुनोने घर डोक्यावर घेतले, नंतर उड्या कमी झाल्या. गेल्या आठवड्यात एकच झाली, तीही माझ्यावर. हृदयाची तपासणी झाली असून सध्या दोष आढळलेला नाही.

गंमत अशी की, ‘बस’ मी सांगितले तर तो अजूनही तिसऱ्या हाकेला बसतो, आणि आईने ‘बस की रे’ म्हणताच पहिल्या हाकेला. तिच्या हातात भाकरीचा चतकोर असतो, माझ्या हातात दुकानातली बिस्किटे. आपण लिहिलेला ‘व्यवहार’ मला त्या दिवशी समजला. आईने परस्पर सहकाऱ्यांच्या पत्नीला फोन करून होकार कळवला आहे, त्यामुळे माझ्या निर्णयाला आता फारसे महत्त्व उरलेले नाही. बंधू नाराज आहेत, परंतु आखाड्यासाठी कारवानचे पिल्लू पाहायला पुढच्या आठवड्यात जानवळला जाणार आहेत.

एक शंका उरली आहे. उन्हाळ्यात भर दुपारी दोन दोन तास लाइट जाते आणि कूलर बंद पडतो. तेव्हा त्याच्या अंगावर ओले पोते टाकून ठेवले तर चालेल काय?

पशुवैद्यक, नांदेड

अंगावर नको, त्याने उष्णता आतच कोंडते. ओले गोणपाट फरशीवर अंथरून त्याला त्यावर बसू द्या आणि पाण्याचे पातेले जवळ ठेवा. जुन्या घरात माळवदाची (मातीच्या धाब्याची) खोली शिल्लक असेल तर दुपारी तीच त्याला द्या. स्लॅबखालच्या खोलीपेक्षा ती बरीच थंड असते.

धागाकर्ता

आहे. सध्या तिच्यात आई दुपारी झोपते. विचारून पाहतो.